एसीचा प्रेशर सेन्सर बदलायचाय? पाना लावण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडीचा एसी सुरू केला की पाच-दहा मिनिटं थंड हवा येते, मग कॉम्प्रेसर बंद पडतो. स्कॅनरवर पी०५३२ हा एसी प्रेशर सेन्सरच्या सिग्नलचा बिघाड-कोड आला, म्हणून नवा प्रेशर सेन्सर आणून ठेवलाय. तो घरीच बदलायचाय. बदलताना गॅस बाहेर येईल का, आणि येणार असेल तर काय काळजी घ्यायची?

काही गाड्यांत सेन्सरच्या खाली झडप असते. तिथं सेन्सर काढताना क्षणभर फुस्स आवाज होतो आणि काम झालं. काही गाड्यांत खाली काहीच नसतं. तिथं सेन्सर सैल होताच अख्ख्या सिस्टीमचा गॅस तुमच्या हातावर आणि तोंडावर येतो. वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे तुमची गाडी कुठल्या प्रकारातली आहे हे नक्की कळेपर्यंत पाना हातात घेऊ नका. बाकीचं सगळं यानंतर.

त्याच्याही आधी एक शंका. सेन्सर खरंच खराब आहे का? माझ्याकडे ‘सेन्सर बदला’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर ठणठणीत असतो. गॅस कमी झालेला असतो, आणि तो बिचारा तेच सांगत असतो. त्याचं काम एवढंच की हाय साइडच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूच्या, पाइपातला दाब मोजून इंजिनच्या कंट्रोल युनिटला कळवायचा. दाब फार खाली गेला तर युनिट कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गॅस नसेल तर तो कोरडा चालून जळतो. दाब फार वर गेला तरी कॉम्प्रेसर बंद केला जातो, नाहीतर पाइप किंवा कंडेन्सर (गाडीच्या पुढची, गॅस थंड करणारी जाळी) फुटेल. मधल्या पट्ट्यात याच आकड्यावरून पंखा कधी आणि किती वेगानं फिरवायचा ते ठरतं. म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला हा बिघाड नसून संरक्षणही असू शकतं.

हे तपासायला काहीही उघडावं लागत नाही. गाडी रात्रभर बंद राहू द्या, म्हणजे सगळी सिस्टीम बाहेरच्या हवेइतक्या तापमानाला येते. सकाळी इंजिन सुरू न करता हाय साइडच्या पोर्टला गेज लावा, इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर एसी प्रेशरचा आकडा बघा. आर-१३४ए गॅस असेल तर गेजवर २० अंश सेल्सिअसला साधारण ६८ पीएसआय (दाबाचं एकक), ३० अंशाला ९७ आणि ४० अंशाला १३३ पीएसआय दिसायला हवेत. गेज आणि स्कॅनर जवळपास एकच सांगत असतील तर सेन्सर खरं बोलतोय. गेज ९७ दाखवतोय आणि स्कॅनर १० किंवा ४०० दाखवतोय, तर सेन्सर किंवा त्याच्या वायरींमध्ये दोष आहे. काही स्कॅनर वातावरणाचा दाब धरून आकडा देतात, तिथं साधारण १४.५ पीएसआयचा फरक दिसतो. त्याला बिघाड समजू नका.

इथं बरेच जण फसतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. बंद गाडीतला हा दाब गॅस किती आहे ते सांगत नाही. पाइपात थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. निम्मा गॅस उडून गेलेल्या गाडीतही ३० अंशाला गेज ९७च दाखवेल. त्यामुळे ‘प्रेशर बरोबर आहे म्हणजे गॅस भरलेला आहे’ हे चूक. ही चाचणी सेन्सर खरा की खोटा एवढ्यापुरतीच. आकडा वर दिलेल्या आकड्यांपेक्षा खूपच खाली असेल तर मात्र गॅस जवळपास संपलेला आहे हे नक्की, आणि मग शोधायची ती गळती. सेन्सर बदलून काही होणार नाही.

सेन्सर खोटा निघाला तरी आधी वायरी बघा. बहुतेक सेन्सरना तीन वायरी असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, ग्राउंड आणि सिग्नल. कनेक्टर काढून, इग्निशन ऑन ठेवून, पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. ५ व्होल्टच्या अगदी जवळ आकडा यायला हवा. तो नसेल तर सेन्सर निर्दोष आहे, दोष वायरीत किंवा पुढे आहे. पुरवठा ठीक असेल तर कनेक्टर परत लावून सिग्नलच्या वायरीवर मोजा. बऱ्याच सेन्सरना उभ्या गाडीत एक ते दोन व्होल्टच्या आसपास आकडा मिळतो. शून्याला किंवा पाचला चिकटलेला आकडा संशयास्पद. मोजताना कनेक्टर आणि वायरींचा झुबका हलक्या हातानं हलवून बघा. आकडा उड्या मारायला लागला तर दोष तिथंच सापडला. हा कनेक्टर गाडीच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरचं पाणी आणि चिखल उडतो अशा जागी असतो. आतल्या पिनांवर हिरवट थर बसलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. नुसत्या सफाईनं गाडी सुरळीत झाली आहे. काही नव्या गाड्यांत मात्र सिग्नल साध्या व्होल्टेजऐवजी स्पंदनांच्या रूपात जातो. तिथं मल्टिमीटरवरून निष्कर्ष काढू नका, स्कॅनरच वापरा.

आणखी एक गंमत. हा ५ व्होल्टचा पुरवठा पुष्कळ गाड्यांत इंजिनच्या इतर सेन्सरनाही जातो. एसीचा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचाच पुरवठा खाली ओढतो, आणि मग थ्रॉटल, मॅनिफोल्ड प्रेशर असे भलतेच कोड येतात. कधी इंजिन सुरूच होत नाही. अशा वेळी एसी सेन्सरचा कनेक्टर काढून बघावा. ५ व्होल्ट परत आले तर चोर सापडला.

आता सेन्सर खरंच गेलाय असं धरू. तो असतो कंडेन्सरमधून निघून आत जाणाऱ्या पाइपावर, किंवा ड्रायरवर, म्हणजे गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डब्यावर. म्हणजे हाय साइडला, आणि बहुधा जिथं गॅस द्रवरूपात असतो त्या भागात. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की इथून बाहेर आला तर नुसता वाफाळ गॅस येत नाही, द्रव येतो. आर-१३४ए उघड्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. त्याचा थेंब कातडीवर पडला की तिथली उष्णता ओढून उडून जातो आणि कातडी गोठते. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय ९७ पीएसआयवर शेवटच्या आट्यातून सुटलेला सेन्सर बुचासारखा उडतो.

खाली झडप आहे की नाही हे कसं ओळखायचं? पहिला आधार गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल. त्यात सेन्सर बदलण्याच्या कृतीची पहिलीच ओळ ‘गॅस काढून घ्या’ अशी असेल तर झडप नाही असं धरून चाला. दुसरी खूण तुमच्या हातातच आहे: नवा सेन्सर उलटा करून त्याच्या तोंडात बघा. मध्यभागी बारीक खुंटी किंवा दांडा दिसतो का? टायरच्या व्हॉल्व्हमध्ये जशी सुई असते तशीच सुई सेन्सरखालच्या झडपेत असते, आणि ती दाबायला सेन्सरमध्ये काहीतरी लागतंच. खुंटी नसेल तर खाली झडप नाही असंच समजा. पण खुंटी आहे म्हणजे झडप नक्की आहे, असं उलटं अनुमान काढू नका. एकच सेन्सर दोन्ही प्रकारच्या पाइपांना बसवलेला असू शकतो. आटे सेन्सरच्या बाहेरच्या अंगाला असतील आणि तो थेट ठोकळ्यात घुसत असेल, तर बहुधा झडप नसते.

आणि मॅन्युअलवरही आंधळा विश्वास नको. या धंद्यात नवा असताना मी एका गाडीचं पुस्तक वाचलं, त्यात झडप आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. निर्धास्तपणे सेन्सर सैल केला. त्या गाडीचा पाइप आधी कुणीतरी बदलून दुसऱ्या बनावटीचा बसवला होता आणि त्यात झडपच नव्हती. हातमोजा होता म्हणून बोटं वाचली, पण मनगटावर जिथं मोजा आणि बाही यांच्यामध्ये जागा होती तिथं फोड आले. चष्मा नसता तर काय झालं असतं याचा विचार अजूनही नको वाटतो. तेव्हापासून पुस्तक काहीही म्हणो, प्रत्येक सेन्सर मी खाली झडप नाही असं समजूनच सैल करतो.

झडप असल्याची खात्री असेल तर घरी करता येईल असं हे काम आहे. जागा उघडी हवी. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो आणि हवा बाजूला सारतो, म्हणून तळघरात किंवा गाडीखालच्या खड्ड्यात हे करू नका. जवळपास पेटती शेगडी, सिगारेट, वेल्डिंग काही नको. हा गॅस ज्वालेत किंवा तापलेल्या धातूवर विघटित झाला की हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ तर स्वतःही मंदपणे पेट घेतो. बोनेटखाली लावलेल्या पट्टीवर कुठला गॅस आहे आणि किती वजनाचा आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. इंजिन पूर्ण थंड हवं. किल्ली काढून लांब ठेवा. चावीविना चालणारी गाडी असेल तर रिमोटही लांब. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इग्निशन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो आणि तुमचा हात त्याच्याच शेजारी असतो. बाजूंनीही बंद असलेला चष्मा, जाड हातमोजे, मनगटापर्यंत बाह्या. चेहरा सेन्सरच्या रेषेत कधीच आणू नका.

सेन्सरभोवतीची धूळ ब्रशनं आणि हवेनं साफ करा. ओ-रिंगखाली, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या रबरी रिंगेखाली, वाळूचा एक कण राहिला तर तिथूनच गॅस झिरपत राहतो. कनेक्टरचं लॉक दाबून तो सरळ ओढा, वायर धरून ओढू नका. मग दोन पाने घ्या. एक सेन्सरच्या षटकोनावर, दुसरा पाइपावरच्या ठोकळ्याला धरून ठेवायला. पाइप पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो. एकाच पान्यानं जोर लावला तर सेन्सर सुटण्याऐवजी पाइप पिळवटतो, कधी तिथंच चिरतो, आणि छोट्या कामाचं मोठं काम होतं. सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या अंगाला पक्कड लावू नका. आटे गंजून धरले असतील तर गंज सोडवणारा फवारा मारून थांबा, घाई करू नका.

सेन्सरवर जाड फडकं टाका. पाव फेरा फिरवा आणि थांबा. आवाज ऐका. पुन्हा पाव फेरा, पुन्हा थांबा. झडप नीट असेल तर सेन्सर थोडा वर येताच सुई सुटते, झडप मिटते, सेन्सरच्या पोटात अडकलेला गॅस फुस्सकन निघून आवाज विरतो. नंतर शांतता. तोवर सेन्सर अजून काही आट्यांवर धरलेला असतो, म्हणूनच ही पाव-पाव फेऱ्याची पद्धत. आवाज विरत नसेल, सारखा येत असेल किंवा वाढत असेल तर जुनी झडप मिटत नाहीये किंवा ती नाहीच. लगेच उलटा फिरवून घट्ट करा. ‘आता एवढं केलंच आहे तर काढून टाकू’ हा विचार त्या क्षणी मनात येतो. तो ऐकू नका. घट्ट करा, बाजूला व्हा आणि गाडी रिकव्हरी मशीन (गॅस ओढून साठवणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपला न्या.

सगळं शांत असेल तर सेन्सर काढून झडपेवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून बघा. बुडबुडे नसतील तर उत्तम, नंतर ते पाणी पूर्ण टिपून घ्या. जुनी ओ-रिंग पाइपाला चिकटून राहिली नाही ना हे बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गळती ठरलेली. नवी रिंग एसीसाठीचीच हवी, साधी नळाची किंवा डिझेलच्या कामाची चालत नाही, ती या गॅस आणि तेलात फुगते किंवा कडक होते. रिंगेला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तेलाचा हलका हात लावा. टेफ्लॉन टेप, सीलंट, आट्यांचा गोंद यातलं काहीही लावायचं नाही. सील ओ-रिंग करते, आटे नाही. सेन्सर सुरुवातीला बोटांनीच फिरवा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज जात नसतील तर आटे तिरके बसलेत, काढून पुन्हा लावा. शेवटी टॉर्क रेंच, पुस्तकातल्या आकड्यावर. हा आकडा लहानच असतो. अंदाजानं ‘अजून थोडं’ करणाऱ्या हातांनी कितीतरी पाइपांचे आटे खाल्ले आहेत.

झडप नसेल तर काम तेच, पण आधी गॅस मशीननं काढून घ्यावा लागतो. हवेत सोडून देणं हा मार्ग नाही. पुष्कळ देशांत तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आर-१३४एची उष्णता अडकवण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरली जाते. अर्धा किलो गॅस सोडला की सातशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एका सेन्सरपायी इतकं कशाला? मशीननं गॅस काढल्यावर काही मिनिटं गेज बघत थांबा. तेलात मुरलेला गॅस उकळून दाब पुन्हा चढतो, तो परत ओढून घ्यावा लागतो. गॅसबरोबर किती तेल निघालं ते मोजून नंतर तेवढंच भरायचं. सेन्सर काढल्यावर भोक उघडं ठेवू नका. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा आत गेला की आम्ल बनतं, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जिथं गॅसचा दाब एकदम उतरतो त्या बारीक वाटेत, बर्फ धरतो.

म्हणूनच नंतरचा व्हॅक्यूम महत्त्वाचा. ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला पाणी १०० अंशाला उकळतं, दाब २४ मिलिमीटरच्या आसपास आणला की ते २५ अंशालाच उकळतं. पंप हेच करतो, आतलं पाणी उकळवून वाफ करून ओढतो. दहा मिनिटांत काटा खाली गेला म्हणून पंप बंद करणारे असतात, पण काटा खाली जाणं आणि ओलावा जाणं वेगळं. किमान अर्धा-पाऊण तास चालवा, मग पंप बंद करून काटा टिकतो का बघा. चढला तर गळती आहे किंवा पाणी शिल्लक आहे. गॅस भरायचा तो वजनावर, पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका. प्रेशर बघून अंदाजे भरू नका.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे काम घरी करू नका. तिथला कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, केशरी वायरींना हात लावायचा नसतो. त्याला वेगळं, वीज न वाहणारं तेल लागतं. साध्या गाडीचं पीएजी तेल गॅस भरायच्या होजमधून चुकून आत गेलं तरी इन्सुलेशन बिघडू शकतं.

एक काम मात्र कुठल्याच गाडीत करू नका: सेन्सर चालत नाही म्हणून कनेक्टरमध्ये वायर घालून कॉम्प्रेसर जबरदस्तीनं चालवणं. जुन्या दोन वायरींच्या स्विचवर हे सहज जमतं, म्हणूनच ते धोक्याचं. गॅस नसेल तर कॉम्प्रेसर जळतो आणि त्याचा चुरा सगळ्या पाइपांत पसरतो. पंखा बंद पडलेला असेल तर दाब चढत जातो आणि कॉम्प्रेसर बंद करायला कुणी उरत नाही.

नवा सेन्सर बसल्यावर कोड पुसा, आणि एसी चालू करण्याआधीच स्कॅनरचा आकडा पुन्हा गेजशी ताडून बघा. आटे आणि कनेक्टर तंतोतंत जुळणारे पण वेगळ्या मोजपट्टीचे सेन्सर मिळतात. तसा बसला तर गाडी चालते, पण पंखा चुकीच्या वेळी सुटतो आणि कुणाला कारण कळत नाही. मग एसी चालवून पंखा लागतो का, दाब स्थिर राहतो का ते पाहा. शेवटी सेन्सरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा लावा. रिंग नीट बसली नसेल तर ती तेव्हा कळते. द्रव अंगावर उडालाच तर चोळू नका. डोळ्यांत किंवा कातडीवर भरपूर कोमट पाणी ओतत राहा आणि डॉक्टरकडे जा, बरं वाटत असलं तरी.

तुमचा पी०५३२ हा सिग्नल फार कमी असल्याचा कोड आहे. तो शॉर्ट किंवा तुटलेल्या वायरीनं येतो, सेन्सरनंही येतो, आणि काही गाड्यांत गॅस अगदीच संपला तरी येतो. तुमची गाडी पाच-दहा मिनिटं थंड हवा देते म्हणजे गॅस पूर्ण संपलेला नाही. इंजिन तापल्यावर तक्रार सुरू होते, म्हणून मला पहिला संशय कनेक्टरचा आणि त्याच्या वायरींचा आहे. गाडी बिघडलेल्या अवस्थेत असताना, तापलेली असतानाच, हात पंख्यापासून लांब ठेवून ५ व्होल्ट आणि सिग्नल मोजा. पुरवठा ठीक आणि सिग्नल शून्याजवळ पडलेला असेल तर कनेक्टर काढून सिग्नलची वायर ग्राउंडला टेकलेली नाही ना तेवढं तपासा. तीही मोकळी असेल तर सेन्सरच गेलाय. मग गाडी रात्रभर थंड होऊ द्या, आणि सकाळी आणलेला नवा सेन्सर उलटा करून त्याच्या तोंडात खुंटी आहे का ते बघा.